राजापर्यंतची वाट कोणाच्या हातात? एडवर्ड दुसऱ्याच्या दरबारातला संघर्ष

प्रश्न असा आहे: इंग्लंडचा राजा एडवर्ड दुसरा याच्या कारकिर्दीत (१३०७ ते १३२७) बडे सरदार आधी पिअर्स गॅव्हस्टनवर आणि नंतर ह्यू डिस्पेन्सरवर इतके का उलटले? हा निव्वळ मत्सर होता का? आणि किल्ले, माणसं, पैसा सगळं हाताशी असताना राजालाच दूर करायला त्यांना वीस वर्षं का लागली?

त्या काळच्या सनदा, संसदेच्या नोंदी आणि बखरी वाचण्यात आणि शिकवण्यात माझी उमेद गेली आहे. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी मत सांगतो. भांडण जमिनीचं होतं, आणि जमीन राजाच्या मर्जीतून मिळत होती. राजापर्यंत जायची वाट जो अडवून बसला, तो बाकी सगळ्यांच्या वारशावर बसला. गॅव्हस्टन उर्मट होता, परका होता, हे खरंच. पण तो राजाचा साधा पथकी राहिला असता तर त्याच्या टोमण्यांपायी कुणी फौज गोळा केली नसती. दुसरी गोष्ट अशी की राजाला आवरण्याचा कायदेशीर मार्गच अर्लांपाशी, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या सरदारांपाशी, नव्हता. राजावर हात टाकता येत नव्हता, म्हणून त्याच्या शेजारच्या माणसावर टाकला गेला, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त रक्त सांडलं.

राजाच्या हातात नेमकं काय होतं ते पाहिल्याशिवाय पुढचं उमगत नाही. सगळी जमीन अखेर राजाकडून धरलेली, हा इंग्लंडच्या कायद्याचा पाया होता. एखादा अर्ल वारला आणि वारस अज्ञान असला, तर तो वयात येईपर्यंत जमीन राजाच्या ताब्यात जाई. राजा ती मर्जीतल्या माणसाच्या हवाली करी आणि तो माणूस तितकी वर्षं तिचं उत्पन्न खाई. वारसाचं लग्न कुणाशी लावायचं हेही राजा ठरवी. वारस मुलगी असली तर तिच्याशी लग्न म्हणजे थेट जहागीरच. विधवेला पुन्हा लग्न करायचं तर राजाची परवानगी लागे. वंश खुंटला तर जमीन राजाकडे परत, बंड केलं तर जप्त. हे सगळे निर्णय एका माणसाच्या तोंडून निघत, आणि तो माणूस सतत फिरतीवर असे: आज वेस्टमिन्स्टर, महिन्याभराने यॉर्क, मग स्कॉटलंडची सरहद्द. त्याच्याबरोबर त्याची खासगी फिरे, खासगीचा शिक्का फिरे आणि कुणाला आत सोडायचं हे ठरवणारा चेंबरलेनही फिरे. अर्ज आत गेला का, तो वाचताना राजाच्या शेजारी कोण होतं, यावर एखाद्या घराण्याच्या पुढच्या तीन पिढ्यांचं भवितव्य ठरू शके.

आकड्यांचा अंदाज हवा. वर्षाला ४० पौंड उत्पन्नाची जमीन असलेल्याने नाइट व्हावं, अशी राजाची अपेक्षा असे. राजाचा सख्खा चुलतभाऊ थॉमस, लँकेस्टरचा अर्ल, याचं उत्पन्न १३११ नंतर वर्षाला सुमारे ११,००० पौंड होतं. त्याच्याकडे लँकेस्टर, लेस्टर, डर्बी, लिंकन आणि सॉल्सबरी अशी पाच अर्लपदं होती. त्यातली शेवटची दोन बायकोच्या, म्हणजे अ‍ॅलिस डी लेसीच्या वारशाने आली होती. संबंध इंग्लंडमध्ये अर्ल मोजायला दोन हातांची बोटं जवळपास पुरत. ही माणसं एकमेकांचे मेहुणे, साडू, सासरे, व्याही होती. राजकारण आणि भाऊबंदकी यांच्यात तिथे भिंत नव्हती.

आता गॅव्हस्टन. हा गॅस्कनीचा, म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या इंग्रजी मुलखातला, एका नाइटचा मुलगा. राजपुत्र एडवर्डच्या पथकात वाढला आणि त्याच्या इतका जवळ गेला की १३०७ मध्ये म्हाताऱ्या एडवर्ड पहिल्याने त्याला देशाबाहेर घालवलं. त्याच वर्षी ७ जुलैला कार्लाइलजवळ म्हातारा राजा वारला. नव्या राजाने गॅव्हस्टनला परत बोलावलं आणि महिन्याभरात, ६ ऑगस्टला, त्याला कॉर्नवॉलचा अर्ल केलं. कॉर्नवॉल म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० पौंडांचा मुलूख, राजघराण्यातला. म्हाताऱ्या राजाच्या दुसऱ्या बायकोच्या मुलांपैकी एकासाठी तो राखला आहे, अशी तेव्हा बोलवा होती. राजाचे हे सावत्र भाऊ ध्यानात ठेवा, ते पुढे परत येतील.

मत्सराच्या सिद्धान्ताला तडा देणारी एक गोष्ट सांगतो. कॉर्नवॉलच्या त्या सनदेला लिंकन, लँकेस्टर, हेरफर्ड, पेम्ब्रुक अशा अर्लांनी मान्यता दिली होती. वॉरिकचा अर्ल तेवढा लांब राहिला. खुद्द लँकेस्टर, जो पुढे गॅव्हस्टनचा काळ ठरला, तो सुरुवातीचं जवळपास दीड वर्ष राजाच्याच बाजूने होता. म्हणजे एका सामान्य नाइटच्या पोराला अर्ल केलं म्हणून लोक पहिल्या दिवसापासून पेटले, हे खरं नाही. नोव्हेंबर १३०७ मध्ये गॅव्हस्टनचं लग्न राजाच्या भाचीशी, ग्लॉस्टरच्या अर्लची बहीण मार्गारेट डी क्लेअर हिच्याशी लागलं, तेव्हाही उघड विरोध झाला नाही.

बिनसलं ते पुढच्या काही महिन्यांत. डिसेंबरात वॉलिंगफर्डच्या शस्त्रस्पर्धेत गॅव्हस्टनच्या तरण्याबांड साथीदारांनी वयाने मोठ्या अर्लांना घोड्यावरून खाली पाडलं. जानेवारी १३०८ मध्ये राजा लग्नासाठी बुलोन्यला गेला आणि राज्य सांभाळायला मागे ठेवलं गॅव्हस्टनला. २५ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक झाला. संत एडवर्डचा मुकुट कोणी वाहून न्यावा, हा साऱ्या दरबारासाठी घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न, आणि तो मान गॅव्हस्टनला मिळाला. मेजवानीत राजाने नव्या राणीकडे, फ्रान्सच्या राजाची मुलगी इझाबेला हिच्याकडे, दुर्लक्ष केलं आणि तिचे चुलते रागावून निघून गेले. याच राज्याभिषेकात राजाच्या शपथेत एक नवं कलम घातलं गेलं होतं: राज्यातला समाज जे कायदे ठरवील ते मी पाळीन. पुढच्या साऱ्या भांडणात अर्ल या कलमावर बोट ठेवत राहिले.

त्या वसंत ऋतूत अर्लांनी जे निवेदन पुढे केलं ते मला या काळातलं सर्वांत महत्त्वाचं कागदपत्र वाटतं. त्यांचं म्हणणं असं: आमची एकनिष्ठेची शपथ राजमुकुटाशी आहे, मुकुट घालणाऱ्या देहाशी नव्हे. राजा विवेक सोडून वागू लागला तर त्याला वळणावर आणणं हे त्या शपथेचंच पालन. लिंकनचा वृद्ध अर्ल हेन्री डी लेसी याच्या मागे होता. हा एडवर्ड पहिल्याचा जुना, विश्वासू माणूस. याला भुरटा कटवाला म्हणताच येत नाही. गॅव्हस्टनला जावं लागलं, पण राजाने त्याला आयर्लंडचा सुभेदार करून पाठवलं आणि वर्षभरात परत आणलं.

इथे अनेकजण राजा आणि गॅव्हस्टन यांचं नातं कशा प्रकारचं होतं, हे विचारतात. राजाचं त्याच्यावर अतोनात प्रेम होतं, हे समकालीन बखरी सांगतात. पण अर्लांनी लेखी आरोप केले ते वेगळे. १३११ मध्ये राजाला आवरण्यासाठी जे लेखी नियम केले गेले, त्या ‘आदेशां’मध्ये गॅव्हस्टनवरचं कलम असं आहे: त्याने राजाला वाईट सल्ला दिला, खजिना परदेशी नेला, राजाचं मन प्रजेपासून तोडलं, आणि कोऱ्या सनदांवर राज्याचा मोठा शिक्का मारून घेतला. या शेवटच्या आरोपात सगळं आलं. कोरी सनद म्हणजे कुणाचीही जमीन कुणाच्याही नावावर.

हे आदेश २१ जणांच्या समितीने तयार केले. मार्च १३१० मध्ये ती निवडली गेली, त्यात अर्ल, बिशप आणि बॅरन होते. ४१ कलमं झाली. समितीच्या संमतीवाचून राजाने जमीन द्यायची नाही. मोठे अधिकारी संसदेत सरदारांच्या संमतीने नेमायचे. महसूल राजाच्या खासगीत न जाता थेट खजिन्यात जमा व्हायचा. राजाने सरदारांच्या संमतीशिवाय युद्ध पुकारायचं नाही की देश सोडायचा नाही. वर्षातून एकदा, गरज पडल्यास दोनदा संसद भरवायची. राजाला कर्ज पुरवणारे फ्लॉरेन्सचे फ्रेस्कोबाल्डी सावकार हाकलायचे आणि गॅव्हस्टनने कायमचं देशाबाहेर जायचं. हे वाचताना मला समितीबद्दल आदर वाटतो. राजावर सुमारे दोन लाख पौंडांचं वडिलोपार्जित कर्ज होतं, स्कॉटलंडचं युद्ध रखडलं होतं, आणि अधिकारी राजाच्या नावाने शेतकऱ्यांचं धान्य आणि जनावरं उचलून नेत होते. त्यालाही आदेशांत आळा होता. मात्र एका प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं: राजाने ऐकलंच नाही तर?

राजाने ऐकलं नाही. जानेवारी १३१२ मध्ये गॅव्हस्टन पुन्हा परतला आणि राजाने त्याची जमीन त्याला बहाल केली. अर्लांची फौज उत्तरेला निघाली. मे महिन्यात राजा आणि गॅव्हस्टन न्यूकॅसलमधून इतक्या घाईत पळाले की घोडे आणि रत्नं मागेच राहिली. गॅव्हस्टन स्कारबरोच्या किल्ल्यात अडकला आणि १९ मे रोजी पेम्ब्रुकच्या अर्लला शरण गेला. पेम्ब्रुक, म्हणजे एमर डी व्हॅलन्स, याने त्याच्या सुरक्षिततेची शपथ घेतली आणि त्यासाठी आपली जमीन तारण लावली.

९ जूनच्या रात्री ऑक्सफर्डशरमधल्या डेडिंग्टनला मुक्काम पडला. पेम्ब्रुक बंदिवानाला तिथे सोडून जवळच बॅम्प्टनला बायकोला भेटायला गेला. पहाटे वॉरिकचा अर्ल गाय बोशां माणसं घेऊन आला, घराला वेढा घातला आणि गॅव्हस्टनला धरून नेलं. हाच वॉरिक, ज्याला गॅव्हस्टनने ‘आर्डनचा काळा कुत्रा’ असं नाव ठेवलं होतं. १९ जूनला वॉरिकजवळ ब्लॅकलो टेकडीवर, लँकेस्टरच्या हद्दीत, दोन वेल्श माणसांनी त्याला मारलं. एकाने तलवार खुपसली, दुसऱ्याने डोकं उडवलं. टेकडी लँकेस्टरच्या जमिनीवर होती, यात योजना होती. जबाबदारी सगळ्यांत मोठ्या, राजरक्ताच्या माणसाने घ्यायची, म्हणजे राजाला सूड घेणं जड जाईल. शव गोळा करून ऑक्सफर्डच्या डॉमिनिकन साधूंकडे आलं. तो धर्मबहिष्कृत असल्याने ते दोन वर्षांहून जास्त काळ पुरता आलं नाही, शेवटी जानेवारी १३१५ मध्ये किंग्ज लँग्लीला दफन झालं.

या हत्येचा राजकीय परिणाम वेगळाच झाला. पेम्ब्रुकची शपथ इतरांनी मोडली होती, त्याची अब्रू गेली होती. तो ग्लॉस्टरच्या अर्लकडे दाद मागायला गेला. तरुण ग्लॉस्टर गॅव्हस्टनचा सख्खा मेहुणा, पण त्याने पेम्ब्रुकला सुनावलं की यापुढे करार सांभाळून करत जा. पेम्ब्रुक राजाच्या पक्षाला मिळाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. अर्लांची एकजूट गॅव्हस्टन जिवंत असेपर्यंतच टिकली. त्याच्या मृत्यूने त्यांच्यात कायमची फूट पडली, आणि पुढची दहा वर्षं राजा टिकला तो बव्हंशी या फुटीवर.

१३१४ मध्ये स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नला इंग्लंडचा दारुण पराभव झाला. सगळे तो पराभव म्हणून लक्षात ठेवतात. मला त्याचा दरबारी परिणाम मोठा वाटतो. त्या लढाईत ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर मारला गेला. वय अवघं २३, मूल नाही. लँकेस्टरच्या खालोखाल मोठी जहागीर तीन बहिणींत वाटायची वेळ आली. थोरली एलिनॉर, जिचा नवरा ह्यू डिस्पेन्सर धाकटा (बापाचंही नाव ह्यूच, तो थोरला). मधली मार्गारेट, गॅव्हस्टनची विधवा. धाकटी एलिझाबेथ, तीही विधवा. म्हणजे एका मृत्यूने दोन विधवा इंग्लंडातल्या सर्वांत मोलाच्या वधू ठरल्या, आणि त्यांची लग्नं राजाच्या हातात. त्याने ती आपल्या दोन नव्या मर्जीतल्या माणसांशी लावली: मार्गारेटचं ह्यू ऑडलीशी, एलिझाबेथचं रॉजर डॅमरीशी.

वाटणी मात्र अडली होती. गिल्बर्टची विधवा मॉड म्हणत होती की मी गरोदर आहे. नवरा मरून दीड वर्ष उलटलं, तरी १३१६ च्या संसदेत हीच सबब पुढे होती! राजाला ती सोयीची होती, कारण तोवर सगळं उत्पन्न त्याच्याकडे येत होतं. डिस्पेन्सरचा धीर इतका सुटला की मे १३१५ मध्ये त्याने टनब्रिजचा किल्लाच बळकावला. अखेर नोव्हेंबर १३१७ मध्ये वाटणी झाली. एलिनॉरच्या वाट्याला दक्षिण वेल्समधला ग्लॅमॉर्गन आला, आणि पुढच्या वर्षी तिचा नवरा राजाचा चेंबरलेन झाला. जमीन आणि वाट, दोन्ही एकाच हातात.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. १३१५ ते १३१७ सलग पावसाने पिकं बुडाली आणि भयंकर दुष्काळ पडला. १३१६ मध्ये लँकेस्टरला राजाच्या मंत्रिमंडळाचा प्रमुख नेमलं, पण तो पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि कारभारात फिरकला नाही. त्याच्याबद्दल माझं मत कठोर आहे. आदेशांचा तो शेवटपर्यंत कैवार घेत राहिला, पण आदेश राबवायचे तर दरबारात बसून रोज राजाशी झटावं लागलं असतं, आणि ते काम त्याने कधी केलं नाही. १३१७ मध्ये वॉरेनच्या अर्लच्या माणसांनी त्याची बायको अ‍ॅलिस हिला पळवून नेलं, आणि लँकेस्टर राज्य विसरून वॉरेनच्या मुलखावर तुटून पडला.

धाकटा डिस्पेन्सर गॅव्हस्टनपेक्षा फार वेगळा आणि फार धोकादायक होता. गॅव्हस्टनला मान हवा होता, डिस्पेन्सरला दक्षिण वेल्स हवा होता. मेहुण्यांच्या जमिनींवर त्याची नजर पहिल्या दिवसापासून होती. ऑडलीकडून त्याने न्यूपोर्टचा मुलूख काढून घेतला. मग १३२० मध्ये गावरचा तंटा उभा राहिला. विल्यम डी ब्रोस हा गावरचा कर्जबाजारी धनी ती जहागीर एकाच वेळी अनेकांना विकू पाहत होता. त्याच्या जावयाने, जॉन मोब्रेने, ताबा घेतला. राजाची परवानगी न घेता ताबा घेतला म्हणून जहागीर सरकारजमा, असा मुद्दा डिस्पेन्सरने काढला. वेल्सच्या सरहद्दीवरचे सरदार, ज्यांना मार्चर म्हणत, ते हादरले. त्यांच्या मुलखात राजाची अशी परवानगी कधीच लागत नसे, हा त्यांचा पिढीजात हक्क. आज गावर गेलं तर उद्या कुणाचंही जाईल. हेरफर्डचा अर्ल, दोघे मॉर्टिमर (काका-पुतण्या, दोघांचंही नाव रॉजर), आणि डिस्पेन्सरचे साडू ऑडली आणि डॅमरी, सगळे एक झाले. राजानेच वर आणलेली ही दोन माणसं राजाविरुद्ध उभी राहिली, यावरून समजावं की प्रश्न जुनं घराणं विरुद्ध नवखा असा नव्हता. आत जुनी वैरंही होती: १२६५ मध्ये इव्हशॅमच्या लढाईत पुतण्या रॉजर मॉर्टिमरच्या आजोबाच्या हातून डिस्पेन्सरचा आजोबा पडला होता, आणि तो सूड आपण घेणार असं धाकटा डिस्पेन्सर बोलून दाखवी, असं समकालीन बखर सांगते.

मे १३२१ मध्ये मार्चरांनी काही दिवसांत न्यूपोर्ट, कार्डिफ, कार्फिली घेतलं आणि डिस्पेन्सरचा मुलूख उद्ध्वस्त केला. ऑगस्टमध्ये लंडनला फौजेसह येऊन त्यांनी राजाला बाप-लेकांना हद्दपार करायला भाग पाडलं. आणि आरोपपत्रात काय होतं? शपथ राजाच्या देहाशी नसून मुकुटाशी आहे, हे घातक मत डिस्पेन्सरने पसरवलं! १३०८ मध्ये अर्लांनी जो सिद्धान्त मांडला, तोच तेरा वर्षांनी राजद्रोह ठरवून त्यांनी शत्रूवर फेकला. मला हे वाचून अजूनही दुःख होतं. राजाला मर्यादा घालणारा एवढा मोलाचा विचार त्यांच्या हाती लागला होता, आणि एका आरोपाच्या सोयीसाठी त्यांनी तो स्वतःच्या हाताने मोडला.

राजाने या वेळी प्रतिहल्ला चांगला योजला. ऑक्टोबरात राणी इझाबेला केंटमधल्या लीड्स किल्ल्यापाशी आली असता किल्लेदाराच्या बायकोने तिला आत घेतलं नाही. राणीच्या अपमानाचं निमित्त मिळालं, पेम्ब्रुकसारखे मवाळ अर्लही राजाबरोबर आले, आणि किल्ला पडला. जानेवारी १३२२ मध्ये मॉर्टिमर शरण आले, कारण लँकेस्टर त्यांच्या मदतीला गेलाच नाही. १६ मार्चला यॉर्कशरमध्ये बरोब्रिजच्या पुलावर हेरफर्ड मारला गेला; पुलाखालून भाला वर खुपसला गेला. लँकेस्टर पकडला गेला. स्कॉट लोकांशी तो ‘राजा आर्थर’ या टोपणनावाने पत्रव्यवहार करत होता, हेही उघड झालं. २२ मार्चला पाँटिफ्रॅक्टला, त्याच्याच किल्ल्याच्या दिवाणखान्यात, त्याच्यावर खटला चालला. त्याला बोलू दिलं नाही, आणि त्याच दिवशी त्याचं डोकं उडवलं. गॅव्हस्टनलाही बोलू दिलं नव्हतं, हे राजा दहा वर्षं विसरला नव्हता. मे महिन्यात यॉर्कच्या संसदेत १३११ चे आदेश रद्द झाले.

पुढच्या चार वर्षांत डिस्पेन्सरने काय केलं ते पाहिलं की १३२६ चा उद्रेक समजतो. मेलेल्या बंडखोरांच्या विधवा त्याचं सोपं लक्ष्य होत्या. लँकेस्टरच्या अ‍ॅलिसला तुरुंगात टाकून तिच्याकडून जमिनी लिहून घेतल्या. मेहुणी एलिझाबेथ हिला आधी मुलांसह बार्किंगच्या मठात डांबलं, मग तिचा अस्क हा मुलूख घेऊन त्याच्या बदली कमी किमतीचं गावर दिलं, आणि पुढे न्यायालयात डी ब्रोसला दावा लावायला सांगून गावरही काढून घेतलं. १३२६ मध्ये एलिझाबेथने हा सगळा अन्याय गुप्तपणे लिहून ठेवला. तो कागद शिल्लक आहे, आणि या काळाबद्दल काही एकच वाचायचं असेल तर तोच वाचा. कायद्याची प्रत्येक पायरी पाळून एखाद्याला कसं लुटता येतं, ते त्यात तारीखवार आहे. हीच एलिझाबेथ पुढे केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजची आश्रयदाती झाली.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग. १३०८, १३१२ किंवा १३२१ मध्ये राजाला का काढलं नाही? एक तर अभिषिक्त राजाला उतरवण्याचा इंग्लंडमध्ये कायदाच नव्हता. प्रत्येक अर्लचा स्वतःच्या जमिनीवरचा हक्कही त्याच मुकुटातून आलेला होता. राजद्रोह सिद्ध झाला तर मुलाबाळांचा वारसा जाई, आणि हे नुसतं भय नव्हतं. १२६५ मध्ये बंडखोर सायमन डी माँटफर्ट हरला आणि त्याचं लेस्टर ज्या राजपुत्राला मिळालं, तो लँकेस्टरचा बाप. लँकेस्टर रोज अशा जप्तीच्या उत्पन्नावर जेवत होता. त्यातही सगळ्यांत मोठी अडचण वेगळी होती: राजाला काढून बसवायचं कुणाला? एडवर्डचा मुलगा जन्मला नोव्हेंबर १३१२ मध्ये. तो हाती नसताना बंड करणं म्हणजे गादीवर हक्क नसलेल्यांची टोळी असणं.

१३२५ मध्ये राजाने ही अडचण स्वतः दूर करून दिली. गॅस्कनीवरून फ्रान्सशी तंटा होता. आदल्या वर्षी इझाबेलाच्या जमिनी फ्रेंच म्हणून काढून घेतल्या होत्या, तरी तिलाच वाटाघाटीला पाठवलं. फ्रान्सच्या राजापुढे स्वतः जायचं तर डिस्पेन्सरला मागे कोण वाचवणार, म्हणून सप्टेंबरात राजाने बारा वर्षांच्या युवराजाला पाठवलं. युवराज आईच्या हाती पडला. तिने परत यायला नकार दिला, आणि १३२३ मध्ये लंडनच्या टॉवरमधून पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध पाजून निसटलेला रॉजर मॉर्टिमर तिला मिळाला. २४ सप्टेंबर १३२६ रोजी ती छोट्याशा फौजेनिशी सफोकच्या किनाऱ्यावर उतरली. तिच्या बाजूला कोण होते? राजाचे दोन सावत्र भाऊ, नॉरफोकचा थॉमस आणि केंटचा एडमंड, ज्यांच्यासाठी कॉर्नवॉल राखल्याचं म्हटलं जाई. लँकेस्टरचा भाऊ हेन्रीही लवकरच येऊन मिळाला. राजासाठी लढायला जवळपास कुणी आलं नाही. थोरल्या डिस्पेन्सरला ब्रिस्टलला फाशी दिलं, राजा १६ नोव्हेंबरला दक्षिण वेल्समध्ये पकडला गेला, धाकट्या डिस्पेन्सरला २४ नोव्हेंबरला हेरफर्डला हालहाल करून मारलं. त्यालाही बोलू दिलं नाही.

जानेवारी १३२७ मध्ये संसदेने आरोपांची यादी केली: राजा कारभाराला असमर्थ, वाईट सल्लागारांच्या मुठीत, स्कॉटलंड गमावलं. पण यादीने राजा उतरत नव्हता. म्हणून केनिलवर्थला शिष्टमंडळ गेलं आणि त्याला सांगितलं की तू स्वतः पायउतार हो, नाहीतर तुझ्या मुलांनाही गादी मिळणार नाही. त्याने रडत मान्य केलं. शिष्टमंडळातल्या विल्यम ट्रसेलने साऱ्या राज्याच्या वतीने एकनिष्ठेची शपथ परत घेतली. म्हणजे अखेरही कायदा सापडला नाही. मुलाच्या नावाने बापाकडून राजीनामा घेतला, एवढंच. सप्टेंबरात बर्कली किल्ल्यातून त्याच्या मृत्यूची बातमी आली.

मग मॉर्टिमरने तीन वर्षं तेच केलं जे डिस्पेन्सरने केलं होतं. सरहद्दीवरच्या जप्त जहागिरी गोळा केल्या, १३२८ मध्ये मार्चचा अर्ल ही नवी पदवी घेतली, मार्च १३३० मध्ये राजाच्या चुलत्याचा, केंटचा, शिरच्छेद करवला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरच्या रात्री अठराव्या वर्षाला टेकलेल्या एडवर्ड तिसऱ्याची माणसं नॉटिंगहॅम किल्ल्यात भुयारातून शिरली आणि मॉर्टिमर पकडला गेला. टायबर्नला फाशी झालं, पुन्हा सुनावणीशिवाय.

या एडवर्ड तिसऱ्याने वडिलांच्या हातात असलेलीच साधनं वापरली, पण वाट एका माणसाला दिली नाही. मार्च १३३७ मध्ये त्याने एकाच दिवशी सहा नवे अर्ल केले. त्यात भुयारातून शिरलेला विल्यम माँटेग्यू होता, तसाच लँकेस्टरच्या घराण्यातला हेन्री होता, आणि ग्लॉस्टरचा अर्ल झाला तो डिस्पेन्सरने लुटलेला ह्यू ऑडली. १३५२ मध्ये कायदा करून राजद्रोह म्हणजे नेमकं काय, हे त्याने प्रथमच मोजक्या शब्दांत बांधून दिलं, म्हणजे कुणाच्याही जमिनीवर डोळा ठेवून तो आरोप फिरवता येऊ नये. आणि १३५४ मध्ये संसदेने रॉजर मॉर्टिमरची शिक्षा रद्द ठरवली, कारण त्याचं म्हणणं न ऐकता ती दिली गेली होती. त्याच्या नातवाला मार्चचं अर्लपद परत मिळालं.